मुलुंडच्या काकूंना, पेन्सिलीने कापलेल्या सतरा क्लेमबद्दल थँक्यू

काकू,

पेटंट मिळाल्याच्या पेढ्यांच्या डब्यातला एकच पेढा तुम्ही उचललात आणि डबा परत माझ्या पिशवीत कोंबलात, साडीचं नाव काढलं तर म्हणालात अगं मी काय तुझं लग्न जमवलंय का. मग आता हे असं सगळ्यांसमोर लिहिते, हे तरी परत पिशवीत कोंबता येणार नाही. कोपरखैरणेची ताई तुम्हाला वाचून दाखवेल आणि मध्ये कुठे कायदा चुकला असेल तर तुम्ही तिथेच तिला थांबवणार हेही माहितीये.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुलै 2023, धो धो पाऊस, रबाळेहून संध्याकाळची ठाणे लोकल, लेडीज डबा खचाखच. माझ्या अंगाला अमाइन या आमच्या कामातल्या रसायनाचा वास, जो अगदी सुकटीसारखा येतो, त्यामुळे आजूबाजूच्या दोघी तोंड फिरवून उभ्या. आणि मी एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातात एफईआर वाचतेय, म्हणजे पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी रिपोर्ट, सकाळीच आलेला. डोळ्यात पाणी होतं हे खरंय, पावसाचं नव्हतं. तेवढ्यात खिडकीत भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या एक काकू मान वर न करता म्हणाल्या, "थ्री ई लावलाय ना?"

मला आधी वाटलं सीट नंबर विचारतायत! ते पेटंट कायद्याचं कलम होतं, 3 ई, नुसत्या मिश्रणाला पेटंट नाही म्हणणारं.

ठाण्याला उतरलो, तुम्ही कागदाला हात लावायच्या आधी काय विचारलंत आठवतंय का? "पब्लिश झालंय ना अर्ज? नसेल तर मला दाखवू नकोस." मी म्हणलं हो, अठरा महिने होऊन गेले, पब्लिश आहे, तेव्हा कुठे तुम्ही चष्मा काढलात. मग कळलं की तुम्ही एमएस्सी केमिस्ट्री, आणि सगळी नोकरी पेटंट तपासण्यात गेली, आधी लोअर परळच्या टोडी इस्टेटला आणि मग अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. आणि दुसरी अट लगेच घातलीत, की उत्तर मी लिहून देणार नाही, ते तुझ्या पेटंट एजंटचं काम, मी फक्त प्रश्न विचारीन. मला तेव्हा वाटलं नुसत्या प्रश्नांनी माझं काय होणार.

आता आमचं काम काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कुणाला कळणार नाही. सोफ्याची गादी, बाइकची सीट, चपलेचा सोल, कोल्ड स्टोरेजचं पफ पॅनेल, ऑफिसच्या खुर्चीचे हात, हे सगळं पॉलियुरेथेन. एका ड्रममध्ये पॉलिऑल नावाचं रसायन, दुसऱ्यात आयसो, म्हणजे आयसोसायनेट, दोन्ही एकत्र आले की एकाच वेळी दोन गोष्टी सुरू होतात, एकीकडे आयसो पॉलिऑलला धरून घट्ट होत जातं आणि दुसरीकडे आयसो पाण्याशी भिडून कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणून ते फुगतं. ढोकळ्यासारखंच. आधी घट्ट झालं तर फुगत नाही, आधी फुगलं तर बसतं. या दोन्हीचं टायमिंग जुळवतो तो कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, शंभर किलो पॉलिऑलमध्ये किलो-अर्धा किलो सुद्धा नाही बऱ्याचदा, पण सगळा खेळ त्याचा. फुगवायला साधारण अमाइन आणि घट्ट करायला टिन, म्हणजे कथिलाचं सेंद्रिय संयुग, डायब्युटिलटिन डायलॉरेट, शॉपफ्लोअरवर सगळे डीबीटीडीएल म्हणतात. वर्षानुवर्षं हेच चाललं. पण युरोपात 2012 पासून ग्राहकाच्या हातात जाणाऱ्या मालात डायब्युटिलटिनचं टिन 0.1 टक्क्याच्या वर चालत नाही, प्रजननाला घातक म्हणून. आमचं एक गिऱ्हाईक खुर्चीचे हात एक्सपोर्ट करतं, त्याने सरळ सांगितलं टिन बंद, नाहीतर दुसरीकडून घेतो.

टिनच्या जागी बिस्मथ हा धातू. सोपं वाटतं ना? बिस्मथ फारसं विषारी नाही, काम पण छान करतं, पण पाण्यात टिकत नाही. पॉलिऑलच्या ड्रममध्ये फुगवण्यासाठी पाणी आधीच घातलेलं असतं, ते ड्रम गिऱ्हाइकाच्या गोडाऊनमध्ये महिना दीड महिना पडून राहतात, आणि तोवर बिस्मथ पाण्याशी झगडून गढूळ होऊन मरून जातं. पहिल्या दिवशी मिनिटाभरात जेल, म्हणजे घट्ट, होणारा माल सहाव्या आठवड्यात दोन मिनिटं घ्यायचा. आम्ही तीन जणांनी दोन वर्षं खर्ची घालून शोधलं की पॉलिमरमध्येच अडकून बसणारं एक अमाइन ठराविक प्रमाणात बरोबर ठेवलं की बिस्मथ टिकतं. का टिकतं याचा आमचा अंदाज आहे, खात्री नाही, आणि तुम्ही म्हणालात की का ते नाही सांगता आलं तरी चालेल, टिकतं हे दाखव.

नोव्हेंबर 2020 मध्ये प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाकला, बारा महिने संपायच्या आत कम्प्लीट, म्हणजे पूर्ण अर्ज. तेवीस क्लेम, म्हणजे हे आमचं असं सांगणारे तेवीस दावे! दहाच्या वरच्या प्रत्येक क्लेमला 320 रुपये, छोटा उद्योग म्हणून सवलतीत, म्हणजे 4160 रुपये मी निव्वळ हावरटपणाचे भरले. कारण तेव्हाच्या आमच्या एजंटने, नाव नको, सांगितलं होतं की जेवढं मोठं कुंपण घालता येईल तेवढं घाला. म्हणून बिस्मथबरोबर झिंक, झिर्कोनियम, कोबाल्ट, जे सुचेल ते घातलं, ज्यातलं एकही आम्ही कधी कपात ओतून पाहिलं नव्हतं. आणि एफईआर आल्यावर त्याच एजंटने उत्तराचा ड्राफ्ट पाठवला, त्यात अर्जदार आदरपूर्वक असहमत आहे हे वाक्य नऊ वेळा होतं, तुम्ही पेन्सिलीने मोजलंत. आणि म्हणालात, "आदर दिसला, आकडा कुठाय?"

तुमच्या मुलुंडच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, कांदेपोह्यांची डिश बाजूला सारून तुम्ही तो रिपोर्ट मला वाचायला शिकवलात. मी तो तोवर शिव्यांसारखा वाचत होते. डी वन, डी टू म्हणजे आधी छापलेले दोन दस्तऐवज, डी वनमध्ये बिस्मथ आहे, डी टूमध्ये अमाइन आहे, दोन्ही एकत्र करणं त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड आहे, शिवाय 3 ई प्रमाणे हे नुसतं मिश्रण. मी चिडून विचारलं हा जाणकार कोण, त्याला बोलवा रबाळेला. तुम्ही काय हसलात! म्हणालात, अगं तो बिचारा जगातलं सगळं छापलेलं वाचतो, हात साफ आहे, प्रयोग नीट करतो, फक्त त्याला स्वतःहून काही सुचत नाही, असे तुझ्या कंपनीत पण असतील. मग म्हणालात त्याला डी वन आणि डी टू दे, आणि बघ तो तुझ्या प्रमाणापर्यंत पोचतो का, पोचला तर तुझं काही नाही, आणि नाही पोचला तर का नाही पोचला ते लिही.

आणि मग तो प्रश्न, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे सगळं लिहितेय. अर्जातल्या आमच्या तक्त्यावर पेन्सिल ठेवून तुम्ही विचारलंत, मिश्रण किती घातलं? मी म्हणलं एक भाग. एकटं बिस्मथ किती घातलं? पाव भाग. एकटं अमाइन? पाऊण. तुम्ही काहीच बोलला नाहीत, पोह्यांवर लिंबू पिळत बसलात. मला कळायला अर्धं मिनिट लागलं आणि कळल्यावर कानशिलं गरम झाली. जास्त घातलं तेव्हा जास्त चाललं, यात शोध कसला? एकटं बिस्मथ पूर्ण एक भाग घालून आम्ही पाहिलंच नव्हतं. दोन वर्षं, तीन माणसं, आणि हा कप कोणीच ओतला नव्हता.

तो ओतला, काकू. सहा आठवडे ओतत होतो. अकरा प्रमाणं, प्रत्येकाचे तीन कप, ताजा माल, तीन आठवड्यांचा, सहा आठवड्यांचा, कागदी कप, ढवळायला काडी, स्टॉपवॉच, क्रीम टाइम, जेल टाइम, टॅक फ्री, म्हणजे फुगायला सुरुवात व्हायला, घट्ट व्हायला आणि चिकटपणा जायला लागलेला वेळ, वहीवर दोघांच्या सह्या आणि तारीख, तुम्ही सांगितलं होतं तसं. शेडमध्ये कपांवर कप, पिवळसर मशरूम उगवल्यासारखे. एकटं बिस्मथ पूर्ण एक भाग घातलं तरी सहा आठवड्यांत ते मेलंच, आमचं मिश्रण टिकलं, हे बघून आम्ही नाचलो. पण बिस्मथच्या एका भागाला अमाइन दोन ते चार भाग एवढ्यातच. एकास सहाला काही फरक नाही, एकास दहाला तर एकट्या अमाइनपेक्षा वाईट. आणि आमच्या क्लेममध्ये काय होतं, अर्ध्यापासून दहापर्यंत!

मी तुम्हाला फोनवर म्हणलं की काकू हे शेवटचे आकडे न देता बाकीचे देऊया का. तुम्ही फोन ठेवलात. दहा मिनिटांनी तुमचाच परत आला आणि तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "येताना ती वही घेऊन ये, आणि खोडरबर आणू नकोस." त्या दहा मिनिटांसाठी पण थँक्यू.

त्या रविवारी तुम्ही एकेक क्लेम पुढ्यात घेऊन विचारत गेलात, हे मोजलंस? नाही. काट. झिंक मोजलंस? नाही. काट. कलम 10 म्हणतं की क्लेम जे उघड करून सांगितलंय त्यावरच टेकलेले हवेत, मग ज्याच्यावर टेकायला काही नाही ते कशाला ठेवतेस. फोममध्ये वापर असा जो एकोणिसावा क्लेम होता तो तर तुम्ही न विचारताच काटलात, म्हणालात वापराचा क्लेम इथे चालतच नाही, हे तुझ्या एजंटला माहीत नसेल तर त्याच्याकडे फी परत माग. नशीब एवढंच की एकास दोन, तीन आणि चार ही प्रमाणं आमच्या उदाहरणांत पहिल्यापासून लिहिलेली होती, नाहीतर कलम 59 प्रमाणे नवीन काही आत घुसवता येत नाही आणि मग सगळंच गेलं असतं. संध्याकाळी तेवीसचे सहा राहिले. मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं आणि तुम्ही निवांत चहा टाकायला उठलात.

चहा पिताना तुम्ही ते 2005 च्या आधीचं सांगितलंत, ते मला कोणी कॉलेजात शिकवलं नव्हतं. की 1970 च्या कायद्यात केमिकल प्रोसेसने बनलेल्या पदार्थावर पेटंटच मिळायचं नाही, फक्त बनवायच्या पद्धतीवर, 1 जानेवारी 2005 पासून ते बदललं. म्हणजे तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा माझ्यासारखी कोणी कॅटॅलिस्ट घेऊन आली असती तर तुम्हाला तिला सांगावं लागलं असतं की बाई, ड्रममधलं तुझं नाही, कढई कशी ढवळलीस तेवढंच तुझं. टोडी इस्टेटमधल्या दोरीने बांधलेल्या फायली, आणि एका फायलीत सापडलेली वाळलेली बकुळीची फुलं, हे तुम्ही इतकं सहज सांगितलंत की मला तुमच्या त्या टेबलासमोरून गेलेल्या सगळ्या अर्जदारांचा हेवा वाटला.

एजंट बदलला. नवीन ताई चांगल्या आहेत, त्यांनी तक्ता ॲफिडेव्हिटसकट लावला, पडलेले आकडे सुद्धा, आणि सहा महिन्यांच्या मुदतीत उत्तर गेलं. 2024 मध्ये हिअरिंग लागलं, व्हिडिओवर, मी शेडमधल्या ऑफिसात एक्झॉस्ट बंद करून बसले, घामाने भिजलेली. कंट्रोलर साहेबांनी, म्हणजे निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्यांनी, पहिलाच प्रश्न विचारला, सगळे कॅटॅलिस्ट सारख्याच एकूण मात्रेत तपासलेत का? काकू, मला हसूच आलं, म्हणजे खरंच आलं, आणि मग घाबरून मी खोकल्याचं नाटक केलं. नवीन आकड्यांचा तक्ता, तक्ता दोन, दाखवला. एकास सहाला का नाही चाललं तेही त्यांनी विचारलं, आम्ही म्हणलं नाही चालत, म्हणूनच मागत नाही आहोत. पुढे पंधरा दिवसांत लेखी म्हणणं दिलं. बाकी तांत्रिक गोष्टी होत्या, त्या झाल्या.

सर्टिफिकेट यंदा मेलवर आलं, सहा क्लेमसकट. माझ्या भागीदाराला अजून खंत आहे की एकास सहावाला उद्या कोणीही बनवेल. बनवू दे की, सहा आठवडे ड्रम ठेवून बघेल तेव्हा त्यालाच कळेल. गिऱ्हाइकाचे खुर्चीचे हात व्यवस्थित चाललेत, पावसाळ्यात पडून राहिलेले ड्रम सुद्धा.

तुमची ती पेन्सिल मी चुकून माझ्या पर्समध्ये आणली होती, परत द्यायची राहिलीये. शनिवारी येते. दुसऱ्या अर्जाचा ड्राफ्ट पण आणतेय, पफ पॅनेलवाला, अजून फाइल केलेला नाही, त्यामुळे तुम्ही बघणार नाही हे माहितीये, तसाच पिशवीत ठेवीन. फक्त सांगते की क्लेम सात आहेत, आणि सातवा मोजायचा राहिलाय.

तुमची,
सुकटीच्या वासाची रबाळेवाली