शब्दाला वजन

सातारा,
18 जून

प्रिय सुमे,

तुझं पत्र परवाच आलं. फलटणला येऊन दोन महिने झाले, बँकेत शाखाधिकारी म्हणून खुर्ची मिळाली, पण 'वचक बसत नाही गं' हे तुझं वाक्य वाचून हसू आलं. रागावू नकोस. मलाही 2004 साली माणदेशातल्या शाखेत पहिल्यांदा खुर्ची मिळाली, तेव्हा मी हेच वाक्य रोज रात्री उशीला सांगायची.

मी काय केलं माहितेय? आधीचे साहेब करायचे ते सगळं. कडक कांजीची साडी, सतत बेल, आवाज चढा. हिशेबनीस चुकला की भर हॉलमध्ये झाडायची. स्टाफनं माझं नाव 'कांजी' ठेवलं होतं, हे मला बदली झाल्यावर निरोपसमारंभात कळलं! सगळ्यांत जास्त मीच हसले, पण घरी येऊन थोडं रडलेही.

आणि ज्या दिवशी खरंच पत गेली, त्या दिवशी आवाजाचा काही संबंध नव्हता. तिजोरीची एक किल्ली कॅशियरकडे, दुसरी माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही, हे तुला काय सांगायचं. दहाला काउंटर सुरू व्हायचं, तर मी पोचले दहा वाजून वीस मिनिटांनी. हॉलमध्ये पेन्शनरांची रांग. कॅशियर माझ्यापेक्षा वयानं मोठे, एरवी फटकळ. त्या दिवशी चकार शब्द बोलले नाहीत. फक्त आपली किल्ली हातात धरून तिजोरीपाशी उभे होते, सगळ्यांना दिसतील असे. पुढे सहा महिने उशिरा येणाऱ्या कुणालाही मी एक शब्द बोलू शकले नाही.

पण माझं खरं नुकसान केलं ते 'बघू' या शब्दानं. एक शेतकरी विहिरीवरून पाइपलाइन टाकायला कर्ज मागायला आले. सातबारा भावाबरोबर सामाईक, आणि इतर हक्कांच्या रकान्यात भावाच्या कर्जापोटी दुसऱ्या बँकेचा बोजा. तो उतरल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाणारच नव्हता, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. पण तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी म्हणाले, 'बघू.' आपण 'बघू' म्हणतो तेव्हा मनात नकारच असतो, पण समोरच्याला त्यात होकार ऐकू येतो. ते एसटीनं चार वेळा आले. चौथ्या खेपेला भर हॉलमध्ये म्हणाले, 'मॅडम, नाही म्हणायला पैसे पडतात का हो?'

त्या दिवसापासून मी 'बघू' टाकून दिला. होणार असेल तर कधी होणार ते सांगायचं. होणार नसेल तर त्याच दिवशी नाही, का नाही, आणि कोणता कागद आणला तर होईल, हे चिठ्ठीवर मराठीत लिहून हातात द्यायचं. त्याच शेतकऱ्यांना मी पहिली चिठ्ठी दिली. भावाची थकबाकी भरून, बोजा उतरल्याचा फेरफार घेऊन ते पुढच्या वर्षी आले, तेव्हा घडी पडून मऊ झालेली ती चिठ्ठी खिशात होती.

आमच्याकडे एक पुढारी यायचे. न विचारता समोर बसायचे, 'ताई, आपला माणूस आहे, करून टाका' म्हणायचे. शिपाई चहा आधी त्यांना द्यायचा. मी 'ताई' म्हणू दिलं, चहाही पिऊ दिला. पण फाइल उघडून काय कमी आहे ते त्यांच्यासमोरच त्या माणसाला सांगायची, एकदा, सावकाश. तिसऱ्या वेळेनंतर पुढारी शिफारशीला येताना कागद तपासून येऊ लागले. ओरडून हे झालं असतं का, तूच सांग.

'साहेब कुठेत?' असं तुलाच विचारतात, याचा तुला राग येतो. मलाही यायचा. 'बसा, मीच,' एवढं म्हणून कामाचं विचारायचं. तिथे भाषण देण्यात अर्थ नाही, रांग वाढते.

आता तुझ्या आढावा बैठकीचं. तू मुद्दा मांडलास, कुणी ऐकला नाही आणि शेजारच्यानं तोच मांडल्यावर वाहवा झाली. याचं मला खरंच वाईट वाटलं, आणि दोष सगळा तुझा नाही. पण सुमे, कॉलेजपासून तुझी एक खोड आहे. 'चुकत असेन, पण मला आपलं वाटतं' इथून सुरुवात, आणि शेवटाला येईतो आवाज पोटात. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं. आहे की नाही, देणार की नाही, हे सगळं तिथेच. तू नेमकं तेच गिळतेस. आधी आकडा सांग: इतकी कर्जखाती थकून नव्वद दिवसांच्या वर गेली, इतकी वसूल होतील. मग थांब. कुणी मध्ये बोललंच तर 'माझं वाक्य राहिलंय' म्हण आणि पुरं कर. त्या शेजाऱ्याला मात्र पुढच्या वेळी 'बरं झालं, मी मघाशी म्हणाले ते तुम्हालाही पटलं' असं गोड हसून ऐकव. एवढी खोडी चालते.

माझ्या टेबलाच्या काचेखाली चिंतामणराव देशमुखांचा फोटो असायचा, आठवतो? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि 'मेघदूत' मराठीत आणणारे. 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचा घाट दिसला, तेव्हा त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. चुकीचा कागद सहीला आला की मी काचेखाली बघायची. राजीनामा द्यायची ताकद माझ्यात कुठली, गृहकर्ज डोक्यावर होतं! पण सही न करण्याएवढी यायची.

साडीचं विचारलंस. तुला आवडते ती नेस, कांजी मात्र नको.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी बँक बंद. सकाळच्या एसटीनं ये, राहायलाच ये. तुझ्या त्या कॅशियरबद्दल समोरासमोर बोलू, पत्रात नको. आणि 'बघते' असं कळवू नकोस. येतेस की नाही, तेवढंच लिही. त्याप्रमाणे पुरणाची डाळ भिजत घालते.

तुझीच,
विजू