या महिन्यातली पुस्तकं

ती. आई आणि बाबा,
सा. न.

ताप आता येत नाही. संध्याकाळची कणकण थांबलीय, वजनही जरा वाढलंय. गोळ्या रोज सकाळी उपाशीपोटी न चुकता घेते. पहिल्या महिन्यात चार ओळी वाचल्या की डोळे मिटायचे. हा महिना मात्र पुस्तकांनीच काढून दिला. बाबा, तुम्ही फोनवर रोज विचारता, 'काय वाचतेस?' फार बोललं की मला ढास लागते, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

सगळ्यात जास्त रमले ती 'माझा प्रवास'मध्ये. लहानपणी तुम्ही त्यातली झाशीची लढाई सांगायचात, तोफांच्या आवाजासकट. या वेळी माझं लक्ष सारखं वरसईकडे, लेखकाच्या कोकणातल्या गावाकडे जात होतं. घरचं कर्ज फिटावं म्हणून विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर निघाले. मथुरेला बायजाबाई शिंद्यांचा यज्ञ व्हायचा होता, तिथे दक्षिणा मिळेल ही आशा. वाटेतच बंडात सापडले. झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. लूट, कत्तल, पेटलेली घरं, सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे कितीतरी वर्षांनी लिहून काढलं. पुस्तक छापलं गेलं ते १९०७ मध्ये. कमावलेलं द्रव्य हातचं गेलं, पण येताना गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते कोकणात पायी परतले आणि आई-वडिलांना गंगास्नान घातलं.

त्या आई-वडिलांचं मधल्या काळात काय झालं असेल? उत्तरेत बंड पेटलंय एवढं कानावर आलं असेल. आपला मुलगा त्यात कुठे आहे, हे कोण सांगणार? आई, मी तुला 'येऊ नकोस' म्हटलं तेव्हा तू फोनवर गप्प झालीस. तुझं वय, बाबांची साखर, म्हणून डॉक्टरांनीच नको म्हटलंय. पण तुम्ही दोघं तिकडे कसे बसून असाल, हे मला या पुस्तकाने फार जवळून दाखवलं. म्हणून यापुढे रोज सकाळी गोळ्या घेतल्या की लगेच तुला मेसेज करीन.

'स्मृतिचित्रे' तू पुन्हा वाच, आई. मीठ-साखरसुद्धा धुवून घेणारे लक्ष्मीबाई टिळकांचे सोवळे वडील वाचताना इतकी हसले की ह्यांना पाणी घेऊन धावत यावं लागलं. आणि त्याच पुस्तकात त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती होतात, आणि ही बाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन मागे राहते. पुढे तिने स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी बाप्तिस्मा घेतला, नवऱ्याच्या नंतर पाच वर्षांनी. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या बाईने असं गद्य लिहावं! रडगाणं कुठेही नाही, आणि दुःख लपवलेलंही नाही. मला तरी मराठीत याच्या तोडीचं आत्मचरित्र माहीत नाही.

'बनगरवाडी' अर्धीच वाचली. दुष्काळ पडून मेंढरं मरू लागतात, गाव उठून जातं, ते मला आत्ता सोसवलं नसतं. पण तालीम बांधायला सगळी वाडी राबते तो भाग दोनदा वाचला. मैत्रिणीने दिलेली एक जाडजूड कादंबरी बाजूला ठेवलीय. तिच्यात पहिल्या पानापासून दवाखाना आहे, आणि दवाखाना मला घरबसल्या भरपूर आहे.

महिनाअखेरीला थुंकीची तपासणी आहे. रिपोर्ट चांगला आला की डॉक्टरांना तुमच्या येण्याचं विचारते. तोवर बाबा, दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' कुरिअरने पाठवा. नवी प्रत इथे मिळेल, पण मला तुमचीच हवी, पेन्सिलीच्या खुणांची. चैत्रापासून सुरू न करता जो महिना चालू आहे त्याचाच लेख आधी वाचायचा विचार आहे. खिडकीतून समोरचा एक शिरीष दिसतो, तेवढ्यावर भागवीन. आणि आई, त्याच पार्सलात मेतकुटाची पुडी टाक. गोळ्यांनी तोंडाची चव गेलीय, मऊ भातावर तेवढंच चालतं.

तुमची,
ताई