साइट बंद करणाऱ्यांनी हुकूम दाखवावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी टिळकवाडीत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी छोटी अभ्यासिका चालवतो. खानापूर, यळ्ळूर, उचगाव, कंग्राळी या भागांतून मुले-मुली येतात. बहुतेकांना महिन्याचा रिचार्ज जपून वापरावा लागतो. त्यामुळे वाचन, अर्ज, निकाल सगळे सार्वजनिक ठिकाणच्या मोफत वायफायवर चालते. गेल्या काही महिन्यांत त्यांच्याकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. सरकारवर टीका करणाऱ्या, राजकीय विश्लेषण देणाऱ्या काही साइट या वायफायवर उघडत नाहीत. तेच पान शेजाऱ्याच्या मोबाइल डेटावर लगेच उघडते. मी स्वतः जाऊन विचारले, तर "वरून बंद आहे" एवढेच उत्तर मिळाले. वरून कुणी बंद केले, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

साइट बंद करण्याचा अधिकारच सरकारला नसावा, असे माझे म्हणणे नाही. बंद करणाऱ्याने आपले नाव, कलम आणि कारण वाचकासमोर ठेवावे, एवढेच मागणे आहे. पालिका एखाद्या गाळ्याला टाळे ठोकते तेव्हासुद्धा दारावर नोटीस चिकटवते. इथे दारच दिसत नाही. पडद्यावर "ही साइट उघडता येत नाही" असे येते आणि मुलाला वाटते, नेट गेले असेल, नाहीतर साइटच बंद पडली असेल.

कायदा काय म्हणतो, ते आधी पाहू. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६९अ नुसार केंद्र सरकार साइट बंद करण्याचा आदेश देऊ शकते. त्यासाठीची कारणे मोजकी आहेत : देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. सरकारवर टीका केली, मंत्र्याला दुखावले, हे कारण त्यात कुठेही नाही. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारे कलम ६६अ रद्द केले आणि ६९अ मात्र कायम ठेवले. ते कायम ठेवताना न्यायालयाने ज्या गोष्टींवर भर दिला, त्यांत एक ही होती की आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात, म्हणजे त्यांना उच्च न्यायालयात आव्हान देता येते. पण याच कलमाखाली केलेल्या २००९ च्या नियमांतील सोळावा नियम सांगतो की या तक्रारी आणि त्यांवरील कारवाई गुप्त ठेवायची. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर याच नियमाकडे बोट दाखवून नकार येतो. कारणे लेखी आहेत, पण ती ज्याच्यावर लादली त्या वाचकाला वाचता येत नाहीत. मग त्याने आव्हान द्यायचे तरी कशाच्या आधारावर?

दुसरी अडचण अशी की सार्वजनिक वायफायवरची बंदी दरवेळी दिल्लीचीच असते असेही नाही. कॉलेज, ग्रंथालय किंवा वायफाय पुरवणारा ठेकेदार आपल्या यंत्रात तयार गाळणी (फिल्टर) बसवतो. त्या गाळणीत जुगार, अश्लील मजकूर यांच्या जोडीला राजकीय संघटना आणि मतप्रचार असेही वर्ग असतात. एखाद्याने खबरदारी म्हणून त्यांच्यावर खूण केली की शेकडो पाने एका फटक्यात गायब. त्याला कोणत्याही कायद्याचा आधार लागत नाही, सहीही लागत नाही. त्यात प्रत्येक इंटरनेट कंपनीची यादी वेगळी. बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी सहा मोठ्या कंपन्यांची जाळी तपासली होती. कुठे ना कुठे बंद असलेल्या ४०३३ साइटपैकी सहाही कंपन्यांकडे बंद असलेल्या फक्त १११५ निघाल्या. सरकारचा आदेश सगळ्यांना सारखाच असायला हवा, तर मग एवढी तफावत का? ठेकेदाराची चूक, कंपनीचा अतिउत्साह आणि सरकारचा हुकूम हे तिन्ही पडद्यावर एकसारखेच दिसतात, आणि त्यामुळे जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

बेळगावला हे निमूटपणे सोसणे शोभत नाही, असे मला मनापासून वाटते. लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती इथेच, एप्रिल १९१६ मध्ये. लगेच १ मे १९१६ रोजी त्यांचे बेळगावात स्वराज्यावर मराठीतून भाषण झाले. महिनाभरात अहमदनगरला आणखी दोन भाषणे झाली. ब्रिटिश सरकारने ही तीन भाषणे राजद्रोही ठरवली आणि साठाव्या वाढदिवशी टिळकांच्या हाती नोटीस दिली. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या सद्वर्तनासाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. त्या काळचे हे वीस हजार! पण पुढचे महत्त्वाचे. कोणती भाषणे आक्षेपार्ह आहेत हे सरकारला सांगावे लागले. सरकारी लघुलेखकांनी टिपलेला शब्दन् शब्द न्यायालयापुढे आला. म्हणून तर टिळकांचे वकील बॅरिस्टर जिनांना त्या शब्दांवर बोट ठेवून युक्तिवाद करता आला, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. परक्या सरकारचा दडपशाहीचा हुकूम मोडता आला, कारण तो हुकूम समोर होता, त्याच्यावर सही होती आणि त्यात कारण होते. आज बेळगावातल्या विद्यार्थ्याच्या समोरून एखादे राजकीय पान गायब होते, तेव्हा त्याच्याकडे न्यायालयात दाखवायला कागदाचा एक तुकडाही नसतो.

हे दूरचे उदाहरण वाटत असेल तर अलीकडचे घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळमधील 'विकटन' या जुन्या प्रकाशनाची साइट एका व्यंगचित्रावरून बंद झाली. पंतप्रधानांवरचे चित्र एक, बंद झाली सगळी साइट. ती उघडत नाही हे आधी वाचकांनीच कळवले, त्या वेळी सरकारकडून काही अधिकृत कळवलेले नाही, असे संस्थेने जाहीर केले. शेवटी ६ मार्चला मद्रास उच्च न्यायालयाने, ते व्यंगचित्र तूर्त काढायच्या अटीवर, साइट खुली करायला सांगितले. 'विकटन'कडे वकील होते, नाव होते, लाखो वाचक होते. आमच्या भागातली एखादी छोटी मराठी किंवा कन्नड साइट अशी गेली, तर आठवडाभर कुणाला पत्ताही लागणार नाही.

अफवांचे काय, असे काही जण विचारतील. प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये बंगळूरमधून ईशान्येकडचे हजारो लोक भीतीने गाड्या भरभरून निघून गेले, ते आपल्या राज्यानेच पाहिले. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरला शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना झाली, पाठोपाठ बेळगावातल्या अनगोळला स्वातंत्र्यसेनानी संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची, तेव्हा शहर किती तणावात होते हे आपण अनुभवले. अशा वेळी चिथावणीचा मजकूर थांबवायला माझा विरोध नाही. पण २०१२ मध्ये सरकारने जी तीनशेहून अधिक पाने बंद केली, त्यांत अफवा खोडून काढणारी पानेही होती! यादी गुप्तच राहिली असती तर ही चूक कुणाच्या लक्षात आली असती?

आणि सीमाभागातल्या माणसाला बंदी नवीन नाही. मेळाव्याला परवानगी नाकारलेली आपण पाहिली, जमावबंदी पाहिली. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्र्यांना जिल्ह्यात प्रवेशबंदी केली गेली, आणि त्याच दिवसांत हिरेबागेवाडी नाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. ती प्रवेशबंदी मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. पण तो हुकूम कुणी काढला, कोणत्या कलमाखाली काढला, हे वर्तमानपत्रांत छापून आले. लोकांनी तो वाचला, निषेध केला, ज्याला समर्थन करायचे त्याने समर्थनही केले. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधील इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध करायला सांगितले, तेही याच कारणाने. संपूर्ण नेट बंद करताना आदेश प्रसिद्ध करायचा आणि एकेक साइट बंद करताना तो दडवायचा, याला काय म्हणावे?

यात मराठी-कन्नड असा भेद नाही. माझ्या अभ्यासिकेतल्या कन्नड माध्यमाच्या मुलांनाही हाच अनुभव येतो. उलट आता नोटिसा धाडणारे हात वाढले आहेत. गृह मंत्रालयाच्या 'सहयोग' पोर्टलवरून राज्यांच्या यंत्रणाही समाजमाध्यमांना मजकूर हटवण्याच्या सूचना पाठवतात, आणि त्याविरुद्धची 'एक्स' कंपनीची याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाने फेटाळली. कंपनी तिचे पाहून घेईल. वाचकाच्या वतीने कोण बोलणार?

करायला अवघड असे काही नाही. कायदेशीर कारणाने बंद असलेल्या पानासाठी ४५१ हा संकेत (पान न सापडल्यावर ४०४ येतो तसा) २०१६ पासून आंतरराष्ट्रीय मानकात आहे. बंदी कुणी आणि का घातली, हे त्याच्यासोबत दाखवता येते. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रत्येक वायफायवर अशी सूचना मराठी व कन्नड दोन्हींत दिसावी. सरकारी आदेश असेल तर त्याचा क्रमांक आणि तारीख, ठेकेदाराची गाळणी असेल तर तसे स्पष्ट, आणि तक्रार कुठे करायची तो पत्ता. कॉलेज आणि ग्रंथालयांनी आपल्या गाळणीत कोणते वर्ग बंद ठेवले आहेत, त्याची यादी फलकावर लावावी. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

बेळगावच्या सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधानभवनात, हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा जिल्ह्यातल्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून हा प्रश्न विचारावा. राज्याच्या ताब्यातील वायफायवर कोणत्या साइट बंद आहेत आणि कुणाच्या सहीने, याचे लेखी उत्तर मागावे. आम्ही अभ्यासिकेत एक वही ठेवली आहे. पान उघडले नाही की मुले त्यात साइटचे नाव, ठिकाण, तारीख, वेळ आणि पडद्यावरचा संदेश लिहितात, आणि तेच पान मोबाइल डेटावर उघडते का तेही नोंदवतात. खानापूर, निपाणी, कारवार, भालकीकडच्या वाचनालयांनी अशी नोंद ठेवली, तर अधिवेशनाआधी ती एकत्र करून आमदारांकडे देता येईल. आपल्या वर्तमानपत्राने तिला जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक अभ्यासिका चालक
टिळकवाडी, बेळगाव