डासांना फ्लॅट नंबर कळत नाही

संपादक साहेब, नमस्कार,

परवा तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की रस्ते, दिवे यांचे पैसे ज्याला द्यायचेत त्याने द्यावेत, सक्ती म्हणजे खंडणीच. वाचून हसू आलं, कारण हा प्रयोग आमच्या सोसायटीने करून बघितलाय आणि खजिनदार मीच होतो.

कोथरूडला २४ फ्लॅटची सोसायटी. तळमजल्यावरचे काका दर मीटिंगला म्हणायचे, मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, पैसे का देऊ? बायलॉजप्रमाणे लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखाच, पण खरं सांगू, काकांचं मला थोडं पटायचं. लिफ्टला कार्ड बसवता येतं, नाही दिले पैसे तर चढा जिना. पण डासांचं काय? गेल्या पावसाळ्यात आवारातली धुराची फवारणी आम्ही ऐच्छिक ठेवली, घरटी १०० रुपये. पहिल्या महिन्यात १९ जणांनी दिले, दुसऱ्या महिन्यात ११, तिसऱ्याला मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, बास. बाकीचे काही वाईट लोक नाहीत हो, पण त्यांनी बघितलं ना की धूर न देणाऱ्यांच्या खिडकीतही जातोच, मग आपणच येडे का? फुकट ते पौष्टिक.

कोणी म्हणेल गणपतीची वर्गणी चालते की ऐच्छिक. चालते, कारण पावतीवर नाव असतं, बोर्डावर आकडा लागतो आणि कार्यकर्ते दारातून हलत नाहीत (याला ऐच्छिक म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा). ड्रेनेजच्या झाकणासाठी कोण असा दारात उभा राहणार?

आणि पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात तो व्यवसाय कर बघा, १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमीला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये लावला होता. शहरातल्या नोकरदाराचे पैसे गावाकडच्या खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला. डबा फिरवून किती जमले असते?

काकांचा दुसरा मुद्दा मात्र मला लागला. आता फवारणी मेंटेनन्समध्येच घेताय ना, म्हणाले, मग बिलं दाखवा. घरपट्टीबद्दल माझंही तेच म्हणणं आहे, घ्या सक्तीने, पण आमच्या गल्लीत किती लागले ते चौकात लावा. काकांना सगळी बिलं दाखवली, फक्त ऑगस्टची फवारणीची पावती सापडत नाहीये, तीन दिवस झाले कपाट उपसतोय.

आपला,
एक माजी खजिनदार, कोथरूड, पुणे