कपड्याची उलटी बाजूही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पॅरिस-मिलानच्या फॅशन शोमधल्या जुन्या वळणाच्या कपड्यांवर पानभर मजकूर आला होता. बंद गळे, मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत घेर, लेस, गळ्याशी बांधलेला बो. फोटो फार देखणे होते. खटकला तो मथळा : ‘शालीनता परतली’.

मी सांगलीत गेली एकतीस वर्षं शिवणक्लास घेते. सोमवारी एक आई ते पान घेऊन क्लासला आली, कटिंगच्या टेबलावर लेकीसमोर पसरलं आणि म्हणाली, “बघ, तिकडच्या बायकांनासुद्धा कळायला लागलं.” मुलगी एकोणीस वर्षांची. तीन आठवडे माझ्याकडे फुग्याची बाही शिकत होती, तीही स्वतःच्या हौसेनं. त्या एका वाक्यासरशी तिची हौस आईच्या धाकात जमा झाली. ब्राउन पेपरवरचं कटिंग तिनं घडी घालून पिशवीत टाकलं आणि पुढचे चार दिवस ती फिरकली नाही. म्हणून हे पत्र.

या कपड्यांचा निम्मा इतिहास कापडाचा आहे आणि तो पुरवणीत कुठेच नव्हता. बारीक कंबर आणि खाली मोठा घेर हे जे वळण रॅम्पवर पुन्हा पुन्हा येतं, ते फ्रेंच फॅशनकार ख्रिस्तियान दिओर यांनी 12 फेब्रुवारी 1947 रोजी पॅरिसमध्ये मांडलेल्या पहिल्या संग्रहानं जगभर नेलं. ‘न्यू लूक’ हे नाव त्याला एका अमेरिकी मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांच्या उद्गारावरून पडलं. युद्धात कापडाची टंचाई होती, झगे आखूड झाले होते. दिओरनी एकेका घेराला कित्येक मीटर कापड घातलं. त्यांच्यामागे पैसा उभा केला होता मार्सेल बुसाक या कापड-उद्योगपतीनं. घेर वाढला की कापड खपतं, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. इंग्लंडात तर कपड्यांचं रेशनिंग 1949 पर्यंत चाललं. दिओर शिकागोला गेले तेव्हा तिथल्या बायका लांब झग्यांविरुद्ध फलक घेऊन उभ्या राहिल्या. आपल्या झग्याची लांबी पॅरिसनं का ठरवावी, असा त्यांचा सवाल होता. याला शालीनतेचं परतणं म्हणायचं असेल, तर त्या बायकांना काय म्हणणार?

माझी आजी नऊवारीचा काष्टा मारून चिखलात भातलावणीला उभी राहायची. पोटऱ्या उघड्या, डोक्यावर पदर. तिच्या मर्यादेबद्दल गावात कुणी बोट दाखवलं नाही. अंग किती झाकलं यावरून बाई मोजायची ही पट्टी गावागणिक आणि काळागणिक बदलते. श्रद्धेपोटी अंगभर कपडे घालणाऱ्या स्त्रियांसाठी इस्तंबूलला 2016 मध्ये आणि लंडनला 2017 मध्ये खास फॅशन वीक भरले, त्याचा मला आनंदच आहे, कारण तिथे निवड घालणारीची असते. आणि 2015 च्या जानेवारीत मिलानमध्ये गुची या इटालियन कंपनीसाठी तिथले फॅशनकार आलेसांद्रो मिकेले यांनी गळ्याशी बो असलेले रेशमी ब्लाउज पुरुषांच्या अंगावर चढवले होते. तोच बो, तेच रेशीम. मग बाईनं घातलं की त्याची शालीनता का व्हावी?

माझ्याकडे आईचं लांब बाह्यांचं एक पोलकं आहे. दर नव्या तुकडीला मी ते उलटं करून दाखवते. काखेत चौकोनी तुकडा जोडलेला आहे, त्यामुळे हात वर केला तरी पोलकं ओढलं जात नाही. बाजूच्या शिवणीत दीड इंच कापड राखलंय. आई प्रत्येक बाळंतपणानंतर ते उसवून सैल करी. काज हातानं विणलेले, एकही दोरा सुटलेला नाही. मुलींना आम्ही फुगा शिकवतो तोही असाच आतून. बाहीच्या माथ्यावर जास्तीचं कापड ठेवायचं, मोठ्या टाक्याच्या दोन टिपा मारायच्या, दोरे ओढून चुण्या सारख्या वाटायच्या, मुंढ्याला जोडायचं आणि आत नेटची पट्टी घालायची. ती पट्टी नसली की पहिल्या धुण्यात फुगा बसलाच. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं ऑनलाइन मागवलेला ‘व्हिंटेज’ फ्रॉक आणला होता. दोन धुण्यांत काखेत उसवला. दुरुस्त करायला बसले तर आत धरायला पाव इंचही कापड नव्हतं.

रॅम्पवरचा झगा डौलदार दिसतो तो या आतल्या कामामुळे. अशा झग्यांवरचं बरंच भरतकाम आपल्याच राज्यात होतं, हेही आपल्या पानावर हवं होतं. 30 मार्च 2023 ला दिओर यांच्या नावाच्या कंपनीनं आपला शो मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर केला, तेव्हा मागे उभारलेलं भव्य तोरण आणि कपड्यांवरचं भरतकाम मुंबईच्याच ‘चाणक्य’ या भरतकाम करणाऱ्या संस्थेच्या कारागिरांचं होतं. त्यांची एक शाळाही आहे, तिथे बायकांना भरतकाम शिकवतात. एरवी आरीचं आणि जरदोसीचं काम परंपरेनं पुरुषांकडेच राहिलं. माझ्या मुलींना मी त्या शोचे फोटो दाखवले तेव्हा पहिला प्रश्न आला, “बाई, हे एवढं टाके घालायला किती दिवस लागले असतील?” माझ्या मते फॅशनच्या पानानं वाचकाला असा प्रश्न पाडावा.

ती मुलगी परत आली आहे. डाव्या बाहीचा फुगा अजून थोडा मागे झुकतो, पण ती तो स्वतःच उसवून पुन्हा बसवते आहे.

संपादकसाहेब, पुढच्या वेळी असे कपडे छापाल तेव्हा एक फोटो आतल्या बाजूचाही छापा, ही विनंती. कुठला दाखवावा असा प्रश्न पडला तर आईचं पोलकं आहे. छायाचित्रकार पाठवणार असाल तर सकाळी अकराच्या आत पाठवा; तेव्हा खिडकीतून ऊन सरळ टेबलावर येतं आणि टाके स्पष्ट दिसतात.

आपली,
एक शिवणशिक्षिका, सांगली