‘शाम्पू कुठला?’ विचारणाऱ्यांना उत्तर, आणि वहिनींचे जाहीर आभार

प्रिय वहिनी,

घरात तुमचे आभार मानायची सोय नाही. तोंड उघडलं की तुम्ही ‘पुरे हो भावोजी’ म्हणून उठून जाता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. दुसरं कारण असं, की माझे कुरळे केस पाठीवर रुळायला लागल्यापासून ओळखीचे-अनोळखी सगळे एकच विचारतात: शाम्पू कुठला वापरतोस? मी नाव सांगून मोकळा होतो, कारण लोकांना तेच हवं असतं. मग सगळं श्रेय त्या बाटलीला जातं, आणि हे मला बरेच दिवस टोचतंय. बाटली दुसरी कुठलीही चालली असती. तुम्ही नसतात, तर केस खांद्यापाशीच थांबले असते.

थांबलेलेच होते ते. ‘तुझ्या केसांची वाढच खुंटलीय’ असं जो तो सांगायचा, आणि ज्याच्या त्याच्याकडे वाढीचं एखादं तेल नाहीतर गोळी असायची. ‘मुलगा असून कशाला वाढवतोस?’ हे वर फुकट. तुम्ही तेवढ्या विचारलंत, ‘कुठपर्यंत वाढवायचेत?’ मी कमरेपर्यंत म्हटलं, तर हसलाही नाहीत. ‘मग बरीच वर्षं लागतील,’ म्हणालात, आणि विंचरताना कंगव्यात आलेले केस टाकून न देता घेऊन यायला सांगितलंत.

ते केस कागदावर पसरून तुम्ही त्यांचे दोन ढीग केलेत. ज्यांच्या एका टोकाला बारीकसा पांढरट ठिपका होता, ते मुळापासून गळलेले. दिवसाला ५० ते १०० केस कुणाचेही असे गळतात, त्याची धास्ती घ्यायची नाही, असं म्हणालात. दुसऱ्या ढिगात ठिपका नसलेले आखूड तुकडे होते, मधेच तुटलेले. तो ढीग चांगलाच मोठा होता. ‘वाढ चालू आहे, भावोजी. वर जेवढं उगवतंय तेवढंच खाली तुटतंय.’

इतकी साधी गोष्ट, पण त्यामुळे माझं सगळं लक्ष टाळूवरून उठून टोकांकडे गेलं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढत राहतो, मग थांबतो आणि गळतो. हा वेग आणि ही मुदत तेल चोळून फारशी बदलत नाही. खांद्यावर टेकलेलं टोक म्हणजे दोनेक वर्षांपूर्वी टाळूबाहेर आलेला केस. कमरेपर्यंत पोचायचं, तर तेच टोक आणखी तीनेक वर्षं टिकलं पाहिजे. टाळूबाहेरचा केस जिवंत नसतो, जखमेसारखा तो भरून येत नाही. एकदा बिघडला की बिघडला. हे कळल्यावर वाढीच्या गोळ्यांमधला माझा रस संपला.

कुरळ्या केसांचंच नशीब असं का, हे मी तुम्हाला वैतागून विचारलं होतं. केसाच्या बाहेरच्या अंगाला खवल्यांचे थर असतात, कौलांसारखे एकावर एक, मुळाकडून टोकाकडे उतरत गेलेले. सरळ केसात ते बऱ्यापैकी चपटे बसतात. कुरळा केस आडवा कापला तर गोल नसतो, चपटा निघतो, आणि प्रत्येक वळणाला त्याच्यावर ताण असतो. तिथेच खवले उचकटतात आणि शेजारच्या केसात अडकतात. टाळूचं तेल सरळ केसावरून खाली ओघळतं, कुरळ्यावर पहिल्या-दुसऱ्या वळणालाच थबकतं, त्यामुळे टोकं कायम कोरडी. शिवाय सरळ केसांतून गळलेला केस खाली पडून जातो, आपला मात्र बटेतच गुरफटून राहतो. आठवडाभरात असे कित्येकशे केस आत साठतात आणि त्यांच्याभोवती गुंता धरतो. पहिल्यांदा नीट गुंता काढला तेव्हा हातात एवढा गोळा आला की मी हबकलोच. तुम्ही निवांतपणे म्हणालात, ‘हे सगळे ठिपकेवाले आहेत, बघा.’

गुंता सोडवायला तुम्ही मला ज्या तऱ्हेने बसवलंत, ती मी आता ज्याला त्याला सांगत असतो. आधी वेळ काढायचा. घाईत असाल तर त्या दिवशी केसांना हात लावायचा नाही, सैल बांधून निघायचं. आणि कोरडे केस विंचरायचेच नाहीत. न्हायच्या काही तास आधी लांबीला थोडं खोबरेल तेल लावायचं. ते इतर बऱ्याच तेलांसारखं नुसतं वर बसत नाही, केसाच्या आतही शिरतं, त्यामुळे पाण्याने केस कमी फुगतो आणि धुताना त्यातलं प्रथिन कमी झिजतं. मोहरी, बदाम, एरंडेल अशी यादी घेऊन मी आलो होतो, ती तुम्ही एका वाक्यात बाजूला ठेवलीत. माझ्या टाळूवर कोंडा होता म्हणून मुळांना तेल अजिबात नको, हेही बजावलंत. कोंड्याशी ज्या बुरशीचा संबंध असतो ती तेलावरच पोसते. ‘मुळांना तेल पाजा’ या घरोघरच्या उपदेशाविरुद्ध बोलायला धीर लागतो, वहिनी, आणि तुम्ही तो सासूबाईंच्या देखत दाखवलात.

मग शाम्पू, तोही फक्त टाळूला. केस डोक्यावर गोळा करून फेस काढणं बंद. फेस खाली वाहून जाताना लांबी आपोआप धुतली जाते. त्यानंतर कंडिशनर, आणि तो मी बोटावर मोजून घेतो हे पाहून तुम्ही माझ्याकडे अशा काही बघितलंत की पुढच्या वेळेपासून मूठभर घ्यायला लागलो. डोक्याचे चार भाग करायचे, तीन क्लिपने वर अडकवायचे आणि एकाच भागाकडे बघायचं. आधी बोटं, कंगवा नंतर. सुरुवात टोकाकडून. टोकाचे चार बोटं केस सुटले की त्याच्या वरचे चार बोटं, असं हळूहळू मुळापर्यंत चढायचं. गुंता सोडवताना त्याच्या वरच्या बाजूला केस मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ मुळाला बसत नाही. मुळापासून सरळ खाली कंगवा ओढला तर वाटेतल्या सगळ्या बारीक गाठी खाली ढकलल्या जाऊन त्यांची एकच मोठी गाठ होते. अशी मोठी गाठ बसलीच, तर तिच्यातून कंगवा घुसवायचा नाही. कंडिशनर आणि पाणी लावून कडेने एकेक केस सोडवून घ्यायचा.

आणि आवाज. हे मला दुसऱ्या कुणीच सांगितलं नव्हतं. ‘विंचरताना कान उघडे ठेवा. कट् असा आवाज आला की एक केस तुटला.’ त्या दिवसापासून मी न्हाणीघरात गाणी लावत नाही. एक कट् ऐकू आला की हात थांबतो, थोडं पाणी, थोडा कंडिशनर, पुन्हा बोटं. आताशा सगळं डोकं विंचरून होतं तरी एखाद-दुसराच आवाज येतो.

यावरून दादाने घातलेला वादही इथे नोंदवून ठेवतो. ‘ओले केस विंचरू नयेत’ असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि त्याच्या सरळसोट केसांपुरतं ते खरंही आहे. ओला केस जास्त ताणला जातो आणि कमजोर असतो. पण दाट कुरळ्या केसांत खरा शत्रू म्हणजे केसावर केस घासणं, आणि ते पाणी आणि कंडिशनर असताना इतकं कमी होतं की ओलेपणाचा तोटा भरून निघतो. फक्त ताणायचं नाही. दोघांसाठी दोन वेगळी उत्तरं, दोन्ही बरोबर. दादाला हे अजून पटलेलं नाही, तो त्याचा प्रश्न.

कंडिशनरबद्दल माझ्या डोक्यात एक अढी होती, की हा नुसता दिखाऊ गुळगुळीतपणा असतो. तुम्ही बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायला लावलीत. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधल्या मुख्य घटकावर धन, म्हणून जिथे केस जास्त खराब तिथेच तो जास्त चिकटतो. ‘सेटिल अल्कोहोल’ वाचून मी दचकलो, तर ते केस कोरडे करणारं नाहीच, मेणासारखं मऊ करणारं आहे. कंडिशनरमधलं सिलिकॉन, शाम्पूत फेस आणणारं सल्फेट यांच्या नावाने लोक एवढी शपथा-व्रतं घेतात, त्यात मात्र तुम्ही मला कधी ओढलं नाहीत. सिलिकॉनने घर्षण कमी होतं, थर साठला तर मधूनमधून एकदा जरा जोरकस शाम्पू करायचा, विषय संपला. मला स्वतःला त्या यादीबाज कडकपणाचा कंटाळा आहे. केस वाढवायचेत, परीक्षा द्यायची नाही.

टॉवेलने खसाखसा पुसणं सुटलं, त्या जागी जुना सुती टी-शर्ट आला, नुसता दाबून पाणी टिपायला. वाळेपर्यंत बटा चिवडायच्या नाहीत, हे मात्र मला सगळ्यांत जड गेलं. पाण्याने केसातले काही कच्चे बंध सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात, म्हणून ज्या आकारात केस वाळेल तोच आकार धरतो. मधे बोटं घातली की बट फुटते, पिंजारते, आणि पिंजारलेला केस आधी गुंततो. घाई असेल तर ड्रायर कोमट आणि लांबून. लग्नाच्या आदल्या दिवशी चुलत भावाने ओल्या केसांवर स्ट्रेटनर फिरवायला घेतला, तेव्हा तुम्ही तो अक्षरशः हिसकावलात. आतलं पाणी उकळून केसाच्या पोटात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथे पोकळ होतो, हे तुम्ही नंतर शांत झाल्यावर सांगितलंत.

रात्रीसाठी तुम्ही शिवून दिलेला सॅटिनचा अभ्रा अजून चालू आहे. केस खांद्याएवढे होते तोवर टाळूच्या वर सैल पोनी बांधून झोपायचो. आता तेवढ्याने भागत नाही, सैल वेणी घालतो, आणि ती तुम्हीच शिकवलीत. धातूचा जोड असलेले रबरबँड तुम्ही माझ्या नकळत कचऱ्यात टाकलेत, तेही माहीत आहे मला. अंबाडा रोज एकाच जागी आवळून घातला तर कपाळाकडचे केस मागे हटत जातात, आणि फार काळ तसं चाललं तर ते परत येतीलच असं नाही. म्हणून कधी वर, कधी खाली, कधी मोकळे.

कात्रीची मला धास्ती होती. ‘कापलं की जोरात वाढतात’ यावर माझा विश्वास नव्हता, तुमचाही नाही. वाढ मुळाशी होते, टोक कापल्याची तिला खबरही लागत नाही. पण फाटा फुटलेलं टोक तसंच ठेवलं तर तो फाटा वर सरकत जातो आणि कधीतरी केस बराच वर तुटतो. फाटे सांधणारी सीरमं तात्पुरती चिकटवतात, पुढच्या न्हाण्याला पुन्हा जैसे थे. म्हणून तुम्ही उजेडात एकेक बट पिळून धरता आणि पिळातून बाहेर डोकावणारी फाटकी टोकंच तेवढी कापता, केस कापायच्याच धारदार कात्रीने. एकाच केसाला आपसूक पडलेल्या त्या मोहरीएवढ्या गाठीसुद्धा. ओढून त्या सुटत नाहीत, गाठीच्या जरा वर कापायचं. लांबीला जवळजवळ धक्का न लावता हे काम होऊ शकतं, हे मी तुमच्या हाताखाली बसल्यावरच मानलं.

लांबी दिसतच नाही म्हणून मी मधे पार कंटाळलो होतो. तेव्हा तुम्ही मागची एक बट ओढून सरळ केलीत आणि ती पाठीवर कुठे टेकते तिथे बोट लावलंत. सोडल्यावर ती टुणकन पुन्हा खांद्याशी. कुरळ्या केसांना लांबी अशीच ओढून मोजायची, आरशात बघून नाही. तिथून पुढे मी तीच एक बट मोजत आलोय. कमरेला पोचायला अजून वेळ आहे.

एवढं सगळं तुम्ही नोकरी, घर आणि दादा सांभाळून केलंत. चिमीचे केस तुमच्यासारखेच कुरळे निघालेत, आणि दर रविवारी न्हाणीघरातून तिचा आरडाओरडा ऐकू येतो. आभार म्हणून मी ती पाळी मागून घेतोय. पुढच्या रविवारपासून चिमीचा गुंता मी काढणार, चार भाग करून, टोकापासून, कान उघडे ठेवून. मूठभर कंडिशनर मी आणेन. तुम्ही फक्त तेवढा वेळ बाहेर बसा, आणि ती ओरडली तरी लगेच आत येऊ नका.

तुमचा धाकटा दीर