डॅशवरून दोषी ठरवू नका

महोदय,

'डॅश दिसला की मजकूर एआयचा' हा समज आता सोलापुरातही पसरला आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा महाविद्यालयीन प्रकल्प केवळ त्यात लांब आडव्या रेघा आहेत म्हणून परत आला. हा सरळसरळ अन्याय आहे.

या चिन्हाला आपण अपसारणचिन्ह म्हणतो आणि ते शाळेतच शिकवतो. मेजर कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीत विरामचिन्हे रुजवली, तेव्हा संगणकही नव्हता. आज वर्डमध्ये दोन छोट्या रेघा टाइप केल्या तरी बऱ्याचदा त्यांची आपोआप एक लांब रेघ होते. चॅटजीपीटी इंग्रजीत डॅश सढळ हाताने वापरते हे खरे, पण ही सवय त्याने माणसांच्याच लिखाणातून उचलली. शिवाय नक्कल करणारा ते डॅश चुटकीसरशी काढून टाकतो. सापडतो तो प्रामाणिक मुलगा.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये एआयचा मजकूर ओळखणारे साधन आणले होते. त्यांच्याच चाचणीत त्याने एआयचा जेमतेम २६ टक्के मजकूर पकडला आणि माणसांच्या ९ टक्के लिखाणावर खोटा शिक्का मारला. जुलैत ते मागे घेतले गेले. बनवणाऱ्यांनाच जे जमले नाही, ते एका रेघेवरून कसे ठरवता?

शंका असेल तर कच्चा मसुदा मागा, विद्यार्थ्याला समोर बसवून प्रश्न विचारा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने तशी लेखी सूचना सर्व महाविद्यालयांना द्यावी, ही विनंती.

एक निवृत्त मराठी शिक्षिका, सोलापूर